जळगावच्या मे महिन्यात जर्मेनियम फझ पेडल: थंडीतला आवाज गेला कुठे?

गिरणाकाठ
१६ मे, रात्री ११:४०

मंडळी, धागा लांबणार आहे. पण विषय जिवाजवळचा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

डिसेंबरात मी घरी एक फझ पेडल बनवलं, म्हणजे गिटारचा सूर मुद्दाम फाटका करणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये फझ फेस नावाचं गोल पेडल काढलं होतं, त्याचंच सर्किट. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली असायचं ते. माइकच्या स्टँडचं गोल बूड पाहून त्याचा आकार ठरला असं सांगतात. आईने नवा मिसळणाचा डबा घेतला तेव्हा जुना स्टीलचा मला मिळाला. तोही गोलच. वाट्या काढल्या, झाकणाला भोकं पाडली आणि सर्किट त्यात बसवलं. स्टीलमुळे बाहेरची गुणगुणही आत शिरत नाही.

फझ म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या, १९६१ मध्ये गाजलेल्या, एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. ग्रेडी मार्टिन बास गिटार वाजवत होता आणि नेमका मिक्सरचा तोच चॅनल बिघडला. सूर चिरका, घोगरा, भुंग्यासारखा यायला लागला. तो तसाच ठेवला आणि लोकांना आवडला. तिथला इंजिनिअर ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये मुद्दाम उभा केला आणि गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये तो मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणला. सुरुवातीला त्याला फारसं कुणी विचारलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने तो वाजवला आणि दुकानातले डबे संपले. त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्टने टोन बेंडर बनवला आणि पुढच्या वर्षी फझ फेस आला.

फझ फेसच्या आत मोजून ११ वस्तू. २ ट्रान्झिस्टर, ४ रेझिस्टर, ३ कपॅसिटर, २ पॉट (खुंटी फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर). बस्स. एवढ्याशा सामानातून तो आवाज निघतो हेच मला शाळकरी पोरासारखं वेड लावतं. मूळ पेडलमध्ये एनकेटी-२७५ नावाचे इंग्लंडचे जर्मेनियम (सिलिकॉनच्या आधीच्या जुन्या जातीचे) ट्रान्झिस्टर होते, ते आता सोन्याच्या भावाने जातात. पण आपल्याकडे एसी-१२८ आहे! बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकापासून जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवले आणि आपल्या आजोबांच्या रेडिओंत ते बसले. गोलाणी मार्केटमागच्या एका भंगारवाल्याकडून मी तीन मेलेले रेडिओ आणले. आऊटपुटच्या जागी पत्र्याच्या क्लिपमध्ये बसवलेले एसी-१२८ निघाले, सहा. त्यांतले दोन निवडले.

डिसेंबरातली ती पहिली रात्र अजून आठवते. खिडकी उघडी, बाहेर गारवा, अ‍ॅम्प हळू ठेवलेला. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडला की आवाज भट्टीसारखा पेटायचा. तोच व्हॉल्यूम दोन घरं मागे घेतला की काचेसारखा स्वच्छ. पेडलला हातही न लावता.

आता मे. दुपारी ४४ अंश. तेच पेडल, तीच गिटार, नवी बॅटरी. सूर सुरू होतो आणि मधेच तुटतो. फुर्र, फुर्र. हळू वाजवलं तर काहीच ऐकू येत नाही. सगळे सोल्डरचे डाग पुन्हा दिले, केबल बदलली, पॉट साफ केले. फरक शून्य. काल कंटाळून पेडल कूलरसमोर ठेवलं आणि जेवायला गेलो. परत येऊन वाजवलं तर आवाज जवळजवळ पूर्ववत! अर्ध्या तासाने पुन्हा तुटायला लागला.

म्हणजे उन्हाचा काहीतरी संबंध आहे. कुणी समजावून सांगेल का? आणि खान्देशात राहून हा आवाज बारमाही मिळवता येईल का?

---

केळीचा_घड
१७ मे, सकाळी ७:५५

भो, मिसळणाच्या डब्यातलं फझ! फोटो टाक ना. वाचनखूण साठवली आहे. मी यावलचा, गिटार शिकून वर्ष झालं. जाणकारांच्या प्रतिसादाची वाट पाहतोय.

---

भुसावळ_जंक्शन
१७ मे, दुपारी १:१०

गिरणाकाठ, तुमचं लिखाण वाचून साठ वर्षं मागे गेलो. माझे वडील लोको शेडला होते. आमच्या क्वार्टरच्या ओळीत तीन-चार अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. नाताळात रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाच असायचा आणि आम्ही पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघायचो. ड्रायव्हरचा मुलगा गिटार वाजवायचा. पेडल वगैरे काही नाही, गिटारची वायर थेट रेडिओग्रामच्या मागे खोचलेली. आवाज वाढवला की तो असाच फाटायचा. आम्हाला वाटायचं स्पीकर गेला. त्याला मात्र तोच हवा असायचा, कारण सूर फाटला की तो डोळे मिटून हसायचा.

तुमच्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर माझ्याकडे नाही. पण उन्हाळ्यात रेडिओ दुपारी बसायचा आणि रात्री खणखणीत लागायचा हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आई म्हणायची, रेडिओला ऊन लागलं.

---

अमळनेरकर
१७ मे, रात्री ९:३०

एक सावधगिरीचा मुद्दा. एसी-१२८ हा पीएनपी (एनपीएन या दुसऱ्या जातीच्या उलट, धन-ऋण अदलाबदल असलेला) आहे. म्हणजे मूळ फझ फेससारखं बनवलं असेल तर बॅटरीचा धन टोक ग्राउंडला असणार. बाकी बहुतेक पेडलना ऋण टोक ग्राउंडला असतो. हे दोन्ही एकाच अ‍ॅडॉप्टरच्या साखळीवर कधीही लावू नका. मी लावले होते. एका लग्नाच्या कार्यक्रमाआधी घाईत सगळी पेडलं एकाच पॉवर सप्लायला जोडली आणि जळक्या वासाने हॉलमधल्या आज्जी सुद्धा विचारायला आल्या. सप्लाय शॉर्ट झाला होता. तो कार्यक्रम नुसत्या गिटारवर काढला.

तेव्हापासून माझं फझ फक्त बॅटरीवर चालतं. बॅटरी अल्कलाइन नाही, साधी कार्बन-झिंकची, नऊ व्होल्टची. तिचा आतला रेझिस्टन्स जास्त असतो, त्यामुळे जोरात वाजवलं की व्होल्टेज जरा खाली बसतं आणि आवाज मऊ पडतो. किराणा दुकानातही मिळते. फझ सर्किट मिलिअँपिअरभरसुद्धा करंट खात नाही, महिनोन् महिने पुरते. जॅक काढून ठेवायची आठवण तेवढी ठेवा.

---

गिरणाकाठ
१७ मे, रात्री १०:१५

अमळनेरकर, धन्यवाद. माझंही बॅटरीवरच आहे. भुसावळकर काका, खिडकीच्या गजांना लटकलेली ती पोरं डोळ्यांपुढे उभी राहिली. अजून आठवणी असतील तर जरूर लिहा.

---

लळिंग
१८ मे, सकाळी ६:२०

धुळ्याहून लिहितो. आयटीआयला तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. गिटार वाजवता येत नाही, पण जर्मेनियमशी माझी जुनी ओळख आहे.

भुसावळकरांच्या आईंनी बरोबर सांगितलं होतं. जर्मेनियम ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा करंट पाझरतो, त्याला आपण गळती म्हणू. तपमान साधारण १० अंशांनी वाढलं की गळती दुप्पट होते. सिलिकॉनमध्येही हे होतं, पण तिथे मुळातली गळती इतकी सूक्ष्म की दुप्पट-चौपट होऊनही कळत नाही. जर्मेनियममध्ये ती मायक्रोअँपिअरच्या शेकड्यांत असू शकते.

आता तुमच्या सर्किटकडे या. ट्रान्झिस्टरला तीन पाय: एमिटर, बेस आणि कलेक्टर. बेसला आलेला सूर कलेक्टरवर मोठा होऊन निघतो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ के (३३ हजार ओहम) चा रेझिस्टर आहे. नऊ व्होल्टला त्यातून जास्तीत जास्त किती करंट येईल? ९ भागिले ३३,०००, म्हणजे सुमारे २७३ मायक्रोअँपिअर. त्याहून एक कणही जास्त नाही. समजा तुमच्या पहिल्या ट्रान्झिस्टरची गळती २५ अंशांना १०० आहे. ३५ ला ती २०० होईल. ४५ ला ४००. मिळू शकतात २७३ आणि नुसती गळतीच मागते ४००! तो ट्रान्झिस्टर मग पूर्ण उघडा पडतो, त्याचा कलेक्टर ग्राउंडजवळ चिकटतो. दुसऱ्याचा बेस थेट त्याच कलेक्टरला जोडलेला आहे, त्यामुळे दुसरा उपाशी राहतो, बंद पडत जातो. जोराचा सूर आला तरच क्षणभर जागा होतो. तुमची फुर्र फुर्र ती हीच.

तपासायचं असेल तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मीटर लावा. थंडीत ४.५ व्होल्टच्या आसपास असेल. दुपारी बघा किती दिसतं ते.

गळती मोजण्याची रीतही देतो. ट्रान्झिस्टर सर्किटमधून काढा. एमिटर बॅटरीच्या धन टोकाला. कलेक्टरपासून ऋण टोकापर्यंत २.२ के आणि २७० ओहम एकापुढे एक लावा, म्हणजे सुमारे २.४७ के. बेस मोकळा सोडा. या जोडीवर जितके व्होल्ट दिसतील ती गळती. ०.२५ व्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँपिअर. मग बेसला २.२ मेगचा रेझिस्टर लावून ऋण टोकाला जोडा. नवा आकडा वजा जुना आकडा, गुणिले १००, हा खरा गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा. पेडल बनवणाऱ्यांत ही रीत आर. जी. कीन यांच्या नावाने ओळखली जाते. नुसत्या मल्टिमीटरच्या गेन मापावर भरवसा ठेवू नका, तो गळतीलाही गेन समजतो.

---

गिरणाकाठ
१८ मे, सायंकाळी ७:४५

लळिंग सर, दंडवत. आज सुट्टी होती, दिवसभर हेच केलं.

दुपारी दोन वाजता, कूलर बंद, खोलीत ४१ अंश. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ७.२ व्होल्ट! डिसेंबरात वहीत लिहून ठेवला होता ४.६. कूलर लावला, खोली ३१ ला आली, आकडा हळूहळू उतरत ५.५ पर्यंत आला आणि आवाजही त्याच्या मागोमाग परत आला. कानाने जे ऐकत होतो ते मीटरवर सरकताना दिसलं.

मग सहाही ट्रान्झिस्टर काढून तुमच्या रीतीने मोजले. इथे एक गंमत कळली ती सगळ्यांसाठी लिहितो. ट्रान्झिस्टर बोटांत धरून सॉकेटमध्ये खोचला की आकडा चढायला लागतो. ०.४१, ०.४४, ०.४९. नुसत्या बोटांच्या उबेने! सोडून दिला, दोन मिनिटं थांबलो, की पुन्हा खाली. म्हणून पकडीने धरायचा, खोचायचा आणि हात मागे घेऊन बसायचं. धातूची ती छोटीशी टोपी माझ्या हाताची ऊब मोजत होती.

सकाळी सातला खोली २९ ला होती तेव्हाही एकदा मोजून ठेवले होते. सहापैकी दोन तर तेव्हाच ३०० च्या वर, ते बाजूला. माझ्या पेडलमध्ये पहिल्या जागी जो होता त्याची सकाळची गळती १४० निघाली. मल्टिमीटर त्याचा गेन १२० सांगत होता, म्हणून मी त्याला खुशाल निवडलं होतं. खरा गेन निघाला ७८. बाकी सगळी गळती.

आता कळतंय की डिसेंबरात १६ अंशांच्या रात्री मी सगळी जुळवाजुळव केली आणि ती तेवढ्याच थंडीपुरती होती. वाचलेले आकडे सगळे लंडनच्या हवेतले. आमच्याकडे निवड करायची तर मे महिन्याच्या दुपारी, कूलर बंद ठेवून करायला हवी.

---

बँजोवाला_शिरपूर
१८ मे, रात्री १०:५०

राम राम भाऊ. बठ्ठं समजनं नही, पन वाचाले मज्या उनी. आमची लग्नात बँजो पार्टी आहे. बँजो अ‍ॅम्प्लिफायरला आणि तिथून गाडीवरच्या भोंग्यांना. भोंगा फुल्ल केला की बँजोचा आवाज फाटतो आणि नाचणारे तिथेच जास्त नाचतात. कानबाईच्या मिरवणुकीतसुद्धा तसंच. पण फाटणं आमच्या हातात नसतं, कधी जास्त कधी कमी. हे पेडल बँजोला लावलं तर चालेल का? आणि उन्हात गाडीवर टिकेल का?

---

लळिंग
१९ मे, सकाळी ६:४०

बँजोवाले भाऊ, तुमच्या बँजोच्या तारांखाली गिटारसारखा तारेच्या वेटोळ्याचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) असेल तर चालेल. पिएझोची (दाबाने वीज देणारी) चकती चिकटवलेली असेल तर सरळ जोडू नका. फझ फेसचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) फार कमी असतो, काही हजार ओहमच. पिएझोला मेगओहम लागतात, तो तिथे गुदमरेल आणि आवाज पत्र्यासारखा येईल.

गाडीवरच्या उन्हात जर्मेनियम नको. वैशाखातल्या लग्नात टपाचा पत्रा हाताला सोसत नाही इतका तापतो. तुमच्यासाठी सिलिकॉनचं फझ बनवून घ्या. बीसी-१०८ सारखे ट्रान्झिस्टर घेतले तर तुमच्या भोंग्याच्या आवाजाच्या बरंच जवळ जाईल आणि फाटणं किती हवं ते एका पॉटवर ठरेल. बीसी-१०८ एनपीएन आहे, त्यामुळे बॅटरी आणि कपॅसिटर उलट दिशेने लावायचे.

---

पुण्यातली_खान्देशी
१९ मे, दुपारी १२:१५

चोपड्याची, सध्या पुण्यात. इथे एका बँडमध्ये वाजवते. धागा सुंदर चाललाय.

माझं मत जरा वेगळं आहे. जुना आवाज म्हणजे जर्मेनियमच, असं का धरून बसायचं? १९६० च्या दशकाच्या शेवटी आर्बिटरनेच सिलिकॉनचे फझ फेस काढले आणि हेंड्रिक्सने पुढे तेही वापरले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने काढलेल्या बिग मफमध्ये तर चारही ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे आहेत. तोही आता जुनाच आवाज म्हणायचा की.

माझा उपाय सांगते. पहिला ट्रान्झिस्टर सिलिकॉनचा, कमी गेनचा, पीएनपीच. दुसरा जर्मेनियमचा. लळिंग सरांनी सांगितलेली अडचण पहिल्या जागेवरच्या गळतीची आहे, ती एका फटक्यात संपते. मी मागच्या वर्षी एप्रिलमध्ये चोपड्याच्या यात्रेत असंच पेडल दुपारच्या साउंड चेकला वाजवलं, एकदाही तुटलं नाही.

आणखी एक. फझ नेहमी गिटारच्या लगेच पुढे ठेवा. मध्ये ट्यूनर किंवा बफर (सिग्नल स्वतःच्या जोरावर पुढे पाठवणारं सर्किट) असलेलं कुठलंही पेडल आलं की गिटारच्या व्हॉल्यूमने आवाज स्वच्छ होण्याची जादू जाते. गिरणाकाठ यांनी डिसेंबरातल्या रात्रीचं जे वर्णन केलंय, ते पिकअप आणि फझ एकमेकांना थेट चिकटलेले असतात म्हणूनच होतं. व्हॉल्यूम मागे घेतला की त्या पॉटचा रेझिस्टन्स वाटेत येतो, फझला मिळणारा करंट कमी होतो आणि तो शांत होतो. मध्ये बफर आला की फझला गिटार दिसतच नाही.

---

गिरणाकाठ
१९ मे, रात्री ११:३०

पुण्यातली_खान्देशी, तुमचा उपाय आज रात्रीच करून पाहिला. सॉकेट ठेवल्याचा फायदा, सोल्डरचं लोखंड तापवायलाच लागलं नाही. पहिल्या जागी बीसी-५५७ लावला. त्याचा गेन जास्त आहे, तरी चाललं. कलेक्टर ४ च्या आसपास स्थिर, पंखा बंद केला तरी हलला नाही. उन्हातल्या स्टेजसाठी याच्यासारखं काही नाही, हे मनापासून मान्य.

पण मग दोन्ही आलटून पालटून तासभर वाजवलं. बोटांनी हळू छेडलेला सूर जर्मेनियमवर आधी गोल येतो आणि मग कडेने फाटतो. सिलिकॉनवर तो एकदम फाटतो, दार धाडकन उघडल्यासारखा. व्हॉल्यूम मागे घेतल्यावरही तळाशी थोडी कुसळं राहतात. सिलिकॉनचा जंक्शन ०.६ व्होल्टच्या पुढे चालू होतो, जर्मेनियमचा ०.२ ते ०.३ लाच, आणि तोही हळूहळू. मला वाटतं तो हळूहळूपणाच माझ्या कानाला हवा आहे. हेंड्रिक्सच्या नंतरच्या आवाजाबद्दल तुमचं बरोबर आहे, फक्त मी ज्याच्या मागे लागलोय तो १९६७ चा आहे.

म्हणून माझा हट्ट असा की जर्मेनियमच ठेवायचा आणि जळगावच्या उन्हाला पुरा पडेल असा शोधायचा. सर, एक प्रश्न. पहिल्या जागेचा ३३ के कमी केला तर २७३ ची मर्यादा वाढेल ना?

---

लळिंग
२० मे, सकाळी ६:१५

वाढेल. १८ के ला ती ५०० होते. पण तितका गेन घटतो, फझ थोडा सौम्य होईल. रेझिस्टरच्या जागी १५ के आणि त्याला जोडून २५ के चा पॉट लावा, मग १५ ते ४० पर्यंत कुठेही फिरवता येईल. पॉट बाहेर काढा, डब्याच्या झाकणावर.

आणि ट्रान्झिस्टर बदला. एसी-१२८ हा आऊटपुटचा, जास्त करंटचा. त्याच रेडिओंच्या आतल्या भागात, ड्रायव्हरच्या (आऊटपुटच्या आधीच्या) जागी एसी-१२५ किंवा एसी-१२६ असतो का पाहा. तो लहान कामाचा, त्याची गळती बऱ्याचदा कमी निघते.

---

केळीचा_घड
२० मे, सायंकाळी ६:०५

मी उत्साहाच्या भरात ऑनलाइन दहा एसी-१२८ मागवले. आज आले. टोप्या चकचकीत, छपाई ताजी. लळिंग सरांच्या रीतीने मोजलं तर गळती शून्य! सगळ्यांची. आधी वाटलं लॉटरी लागली.

---

लळिंग
२० मे, सायंकाळी ७:३०

मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बेस-एमिटर तपासा. ०.२ च्या आसपास दिसला तर जर्मेनियम, ०.६ दिसला तर सिलिकॉनवर खोटं नाव छापलंय.

---

केळीचा_घड
२० मे, सायंकाळी ७:४८

०.६४. दहाच्या दहा. विकणाऱ्याला परत पाठवतोय. आता रविवारी भंगारातच शोधणार.

---

गिरणाकाठ
२० मे, रात्री १०:२०

वाईट वाटलं. माझ्याकडे एक चांगला जास्तीचा निघाला तर तुझ्यासाठी ठेवतो. एक विनंती मात्र सगळ्यांना. भंगारात मेलेले रेडिओ भरपूर आहेत. कुणाच्या घरी अजून बोलणारा रेडिओ असेल तर तो फोडू नका.

---

गिरणाकाठ
२ जून, दुपारी ३:३०

मंडळी, मुद्दाम दुपारी लिहितोय. बाहेर ४३, खोलीत ४०, कूलर बंद, घामाने कीबोर्ड ओला झालाय.

दुसऱ्या फेरीत पाच रेडिओ आणले. त्यांतून तीन एसी-१२६ निघाले. ३८ अंशांच्या दुपारी मोजले. एकाची गळती फक्त ८५, गेन ७४. भर दुपारी ८५! त्याला पहिल्या जागी बसवलं. दुसऱ्या जागी एसी-१२८ चाच, गेन ११५ चा. पहिल्याच्या कलेक्टरला १५ के आणि २५ के चा पॉट, मिसळणाच्या डब्याच्या झाकणावर तिसरी खुंटी म्हणून. दुसऱ्याच्या ८.२ के च्या जागी आत २० के चा छोटा प्रीसेट, एकदाच लावून सोडायचा.

आत्ता मीटर ४.७ दाखवतोय. वाजवतोय आणि तुटत नाहीये. व्हॉल्यूम मागे घेतला की स्वच्छ होतो, उघडला की पेटतो. डिसेंबरातला तो आवाज ४० अंशांच्या खोलीत आलाय. आई स्वयंपाकघरातून विचारतेय एवढ्या उन्हात काय लावलंय.

सर, तुमच्याशिवाय हे झालं नसतं.

---

लळिंग
२ जून, सायंकाळी ६:१०

फार आनंद झाला. वहीत आजचे आकडे तपमानासकट लिहून ठेवा.

---

बँजोवाला_शिरपूर
११ जून, रात्री ११:२०

भाऊ, धुळ्याच्या एका मेकॅनिककडून बीसी-१०८ चं बनवून घेतलं. काल शेवटच्या तिथीच्या लग्नात लावलं. लई भारी शे! नवरदेवाच्या मामांनी तीनदा तीच चाल वाजवायला लावली. सरांना राम राम.

---

भुसावळ_जंक्शन
२८ डिसेंबर, रात्री ९:००

धागा वर काढतोय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल आसोद्याला गिरणाकाठ यांच्या मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती, मला आणि केळीचा_घड याला बोलावणं होतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. जेवणं झाल्यावर शेकोटीजवळ त्यांनी तो मिसळणाचा डबा काढला आणि बॅटरीवरच्या छोट्या अ‍ॅम्पला जोडला.

मी डोळे मिटून ऐकलं. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या खिडकीतून यायचा तोच घोगरेपणा. शेकोटीजवळ वाजवताना त्यांनी एकदा थांबून ती तिसरी खुंटी थोडी फिरवली. मी विचारलं, का? म्हणाले, काका, डब्याला शेक लागला.

---

गिरणाकाठ
२८ डिसेंबर, रात्री ११:१५

काका, तुम्ही आलात हेच खूप. शेकोटीपासून हातभर मागे सरकवल्यावर खुंटी पुन्हा मूळ जागी न्यावी लागली, ते तुम्ही पाहिलंच.

विचारणाऱ्यांसाठी: खुंटीभोवती आईच्या नेलपेंटने तीन ठिपके दिलेत. मे दुपारचा ठिपका पॉट जवळजवळ पूर्ण उतरवलेला, सुमारे १७ के. जुलै-ऑगस्टचा २४ के. कालच्या रात्री शेतात १२ अंश होते, तिथे ३४ के लागला, म्हणजे १९६६ च्या नकाशातल्या ३३ च्या अगदी जवळ. केळीचा_घड, तुझा एसी-१२६ काल द्यायचा राहिला, पाकिटात घालून ठेवलाय. रविवारी यावलला येतोय, तेव्हा आणतो. तुझ्याकडचा २५ के चा पॉट तयार ठेव.